बार्बेक्यूचा रस्ता आणि पंक्तिप्रपंच

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी गद्यात प्रवासलेखनाचा एक लहानसा उपप्रकार रुजला. मोटार घेऊन दक्षिणेकडील राज्यांत शिरायचे, हमरस्ता सोडून लाकडाच्या धुराचा माग काढीत एकेका गावातील बार्बेक्यूचे भोजनगृह गाठायचे, तिथे मंद आचेवर रात्रभर शिजलेले मांस चाखायचे आणि दर शे-दोनशे मैलांवर बदलणाऱ्या चवीची नोंद करायची, असा त्याचा साचा. कॅल्विन ट्रिलिन यांनी १९७२ मध्ये 'प्लेबॉय' मासिकात आपल्या जन्मगावातील, म्हणजे कॅन्सस सिटीतील, आर्थर ब्रायंट यांच्या भोजनगृहाला जगातील सर्वश्रेष्ठ ठरवले. सूर थट्टेचा होता; वाचकांनी मात्र तो निवाडा मानला आणि त्या दारापर्यंत प्रवास सुरू केला. ग्रेग जॉन्सन व व्हिन्स स्टेटन यांचे 'रिअल बार्बेक्यू' (१९८८) आणि लोलिस एरिक एली यांचे 'स्मोकस्टॅक लाइटनिंग' (१९९६) ही या प्रकारातील दोन ठळक पुस्तके. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने या लेखनाकडे केवळ खवय्यांचे वाङ्मय म्हणून पाहू नये, याचे कारण त्यातील नकाशात आहे.

हा नकाशा मोहक आहे, हे आधी मान्य करावे लागते. उत्तर कॅरोलायनाच्या पूर्व भागात अख्खे डुक्कर भाजून त्याचे मांस बारीक चिरतात आणि त्यावर केवळ व्हिनेगर व मिरचीचा पातळ रस शिंपडतात. तिथे टोमॅटोला थारा नाही. त्याच राज्यात पश्चिमेकडे लेक्झिंग्टनला जावे, तर डुकराच्या खांद्याचेच मांस वापरतात आणि रसात टोमॅटोची लाली उतरते. दक्षिण कॅरोलायनाच्या मध्यभागी मोहरीचा पिवळा रस, अलाबामाच्या उत्तरेस डेकेटर गावी मेयोनेज घातलेला पांढरा रस, मेंफिसमध्ये कोरडा मसाला चोळलेल्या बरगड्या, केंटकीतील ओवेन्सबरो येथे मेंढीचे मांस, टेक्ससमधील लॉकहार्ट येथे ओकच्या लाकडावर धुरवलेले आणि खाटकाच्या कागदावर वाढलेले बैलाच्या छातीचे मांस. बोली बारा कोसांवर बदलते असे आपल्याकडे म्हणतात. इथे रसाचा रंग बदलतो. प्रवासवर्णनकाराला अशी सामग्री आयती मिळाल्यावर तो चवीला मातीचा गुण समजू लागला, यात नवल नाही.

परंतु हे 'प्रदेश' भूगोलाने घडवलेले नाहीत. निदान केवळ भूगोलाने नाहीत. 'बार्बेक्यू' हा शब्दच कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिश मार्गे इंग्रजीत आला. अठराव्या शतकात तो पदार्थाइतकाच समारंभाचा वाचक होता. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या रोजनिशीत १७६९ साली अलेक्झांड्रिया येथील बार्बेक्यूला गेल्याची नोंद आहे. तिथे अभिप्रेत आहे तो मेळावा. पुढे निवडणुका, स्वातंत्र्यदिन, चर्चचे उत्सव या प्रसंगी जमिनीत लांब चर खणून जनावरे भाजली जात, आणि गुलामगिरीच्या काळात दक्षिणेत त्या चरापाशी रात्र जागवणारे हात बहुधा गुलामांचे असत. प्रसंगाचे दुकान झाले ते नंतर. आणि मोटारीने त्या दुकानाला रस्त्यावर आणले. १९२१ मध्ये डॅलस ते फोर्ट वर्थ रस्त्यावर उघडलेले 'पिग स्टँड' हे ग्राहकाला मोटारीतच खाणे आणून देणारे अमेरिकेतील पहिले भोजनगृह मानले जाते, आणि तिथे विकला जाई तो डुकराच्या बार्बेक्यूचा सँडविच.

कॅन्सस सिटीचेच उदाहरण घ्यावे. ट्रिलिन ज्या चवीला आपल्या गावची चव म्हणतात, तिचा आरंभ हेन्री पेरी या कृष्णवर्णीय स्वयंपाक्याकडे जातो. मेंफिसच्या परिसरात जन्मलेला हा माणूस नदीवरील आगबोटींच्या भटारखान्यांत काम करीत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिथे पोहोचला. त्याच्या हाताखाली चार्ली ब्रायंट शिकला, आणि चार्लीकडून १९४६ मध्ये धंदा त्याच्या भावाकडे, आर्थरकडे आला. म्हणजे प्रवास आधी स्वयंपाक्याने केला, खाणाऱ्याने मागाहून. लॉकहार्टची कथाही अशीच मिश्र आहे. जर्मन वंशाच्या खाटकांनी न खपलेले मांस धुरवून विकले; ते दुकानातच कागदावर घेऊन खाणाऱ्यांत कापूसवेचणीला आलेले मजूर मोठ्या संख्येने असत. ग्राहकाच्या घाईने आणि गरिबीने जी रीत पडली, तिला आज 'टेक्सस शैली' म्हणतात.

या रस्त्याचा एक अत्यंत महत्त्वाचा दस्तऐवज कोणत्याही प्रवासलेखकाने लिहिलेला नाही. तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १४ डिसेंबर १९६४ चा निकाल आहे. अलाबामातील बर्मिंगहॅम शहरात १९२७ पासून 'ऑलीज बार्बेक्यू' हे कौटुंबिक भोजनगृह चालू होते. बसण्याची सोय २२० जणांची, नोकर ३६. त्यांपैकी दोन-तृतीयांश कृष्णवर्णीय. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला मात्र खाणे बांधून मिळे, आत बसून खाता येत नसे. शिजवणारा आत, खाणारा बाहेर, आणि दोघांची कातडी एकच. मराठीत यासाठी 'पंक्तिप्रपंच' हा नेमका शब्द आहे, आणि तो या संदर्भात जितका चपखल बसतो तितका इंग्रजीतील कोणताही विधिशब्द बसत नाही. जुलै १९६४ मध्ये नागरी हक्क कायदा संमत झाल्यावर मालकांनी न्यायालयात धाव घेतली: आपले गिऱ्हाईक स्थानिक, आपण हमरस्त्यापासून दूर, मग आंतरराज्य व्यापाराचे नियमन करणाऱ्या काँग्रेसचा आपल्याशी संबंध काय?

सर्वोच्च न्यायालयाने एकमताने दिलेले उत्तर वाङ्मयीन दृष्टीनेही वाचण्यासारखे आहे. न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांनी लिहिलेल्या या निकालात मांसाचा प्रवास मोजला आहे. आधीच्या बारा महिन्यांत भोजनगृहाने सुमारे दीड लाख डॉलरची खाद्यसामग्री घेतली होती. त्यातील ६९,६८३ डॉलरचे, म्हणजे ४६ टक्के, मांस अशा स्थानिक पुरवठादाराकडून आले होते ज्याने ते परराज्यातून आणवले होते. आंतरराज्य महामार्ग अकरा चौकांवर होता, हेही नोंदले गेले. भोजनगृहांतील भेदभावामुळे कृष्णवर्णीयांच्या राज्याराज्यांतील प्रवासाला अडथळा येतो, ही गोष्ट न्यायालयाने विचारात घेतली. स्थानिक चव म्हणून जिचा अभिमान मिरवला जातो तिचे मांसच परगावचे निघाले, आणि नेमक्या त्याच आधारावर पंगत खुली झाली. प्रादेशिक अस्सलपणावर पुढे लिहिल्या गेलेल्या शेकडो पानांत हा तपशील क्वचितच भेटतो. दक्षिण कॅरोलायनातील 'पिगी पार्क' या मोहरीच्या रसासाठी प्रसिद्ध भोजनगृहांचा खटला १९६८ मध्ये त्याच न्यायालयापुढे आला. वर्णभेद मोडणे आपल्या धर्मश्रद्धेविरुद्ध आहे, हा मालकाचा बचाव न्यायालयाने पोकळ ठरवला. पिवळ्या रसाचे कौतुक करणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला तेव्हापासून या दारापाशी थांबावे की नाही, हा प्रश्न पडत आला आहे. सर्वांनाच पडला, असे मात्र नाही.

त्याच रस्त्यांचे एक समांतर प्रवासवाङ्मय १९३६ पासून छापले जात होते. न्यूयॉर्कमधील टपाल कर्मचारी व्हिक्टर ग्रीन यांची 'ग्रीन बुक' ही मार्गदर्शिका कृष्णवर्णीय प्रवाशाला कुठे खोली मिळेल, कुठे ताटावर बसता येईल, याची गावागावची यादी देई. तिच्यात चवीविषयी फारसे काही नाही. जिथे 'इथे बसू देतील का' हा प्रश्न आधी सोडवावा लागतो, तिथे रसाचा रंग पाहायला उसंत नसते. अनेक कुटुंबे बुटांच्या खोक्यात तळलेली कोंबडी आणि उकडलेली अंडी घेऊनच घराबाहेर पडत. मराठी वाचकाला इथे डॉ. आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या इंग्रजी टिपणांतील १९०१ चा प्रवास आठवल्यावाचून राहत नाही. मसूर स्थानकावर उतरून बैलगाडीने गोरेगावकडे निघालेल्या मुलांपाशी शिदोरी होती, पण पाणी द्यायला कोणी तयार नव्हते, म्हणून शिदोरी तशीच राहिली. या दोन संहितांमध्ये प्रभावाचे नाते शोधण्याची गरज नाही. प्रवासवर्णन ही मोकळ्या रस्त्याची विधा आहे, हे आपल्या वाङ्मयप्रकारविचारातील गृहीतक दोन्ही ठिकाणी सारखेच अपुरे पडते, एवढे साम्य पुरेसे आहे.

एली यांचे पुस्तक या पार्श्वभूमीवर वेगळे उभे राहते. न्यू ऑर्लीन्सचे हे कृष्णवर्णीय लेखक. त्यांचे वडील नागरी हक्क चळवळीतील कार्यकर्त्यांचे खटले लढवणारे वकील होते. छायाचित्रकार फ्रँक स्ट्युअर्ट यांच्यासह त्यांनी केलेला प्रवास वरवर नेहमीच्याच साच्यातला: मोटार, गाव, भट्टी, ताट. मात्र पुस्तकाची नजर ताटावरून वारंवार भट्टीकडे, निखारे ओढणाऱ्या माणसाकडे जाते. एड्रियन मिलर यांच्या 'ब्लॅक स्मोक' (२०२१) या इतिहासग्रंथाने पुढे ज्या विस्मृतीचा पद्धतशीर हिशेब मांडला, तिची चाहूल एली यांच्या पानांत आधीच लागते. या लेखनप्रकाराने स्वतःच्या साच्यातच आपली टीका सामावून घेतली, असे त्याविषयी म्हणता येईल.

त्याहून जुना आवाज सरकारी कागदपत्रांत आहे. पूर्वीच्या गुलामांच्या आठवणी संकलित करण्याच्या १९३० च्या दशकातील संघराज्य-प्रकल्पात दक्षिण कॅरोलायनातील वेस्ली जोन्स या नव्वदी ओलांडलेल्या वृद्धाचे कथन नोंदवले गेले. नोंदणाऱ्याने त्याची बोली उच्चारानुसार वाकवून लिहिली आहे, त्यामुळे हा त्याचाच आवाज असे निःशंकपणे म्हणवत नाही. तरी पाककृती स्पष्ट आहे. बार्बेक्यूच्या आदल्या रात्री जागून तो मांसावर जो रस फिरवी, त्यात व्हिनेगर, काळी मिरी, लाल मिरची, मीठ आणि लोणी असे; शिवाय थोडे सेज, धने, बेझिल, कांदा आणि लसूण. काही जण त्यात साखरही टाकीत, असे तो सांगतो. दक्षिण कॅरोलायनाचा म्हणून आज जो पिवळा रस ओळखला जातो त्यातील मोहरी या यादीत नाही, आणि धने व बेझिल आजच्या नकाशावरील कोणत्याच प्रदेशाच्या नावावर नाहीत.