वाकडे, सरळ आणि वळण : एका अर्थविरोधाचा इतिहास

परस्परविरोधी शब्द कोशात शेजारी शेजारी मांडता येतात. परंतु त्यांचे इतिहास शेजारी शेजारी चाललेले असतातच असे नाही. वक्र आणि सरळ गती दर्शविणाऱ्या मराठी शब्दांच्या बाबतीत हा अनुभव विशेषत्वाने येतो. ‘वाकडा’ हा शब्द मराठीत प्रायः निंदाव्यंजक आहे. ‘वळण’ हा शब्दही सरळ रेषा सोडून जाण्याचाच वाचक. तथापि ‘मुलाला वळण नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा वळण नसणे हाच दोष ठरतो. दोन्ही शब्दांच्या मुळाशी एकच आकृती असता एकास अपकीर्ती आणि दुसऱ्यास प्रतिष्ठा का लाभावी, आणि सरळपणाचा जो मूळ शब्द तो कोठे गेला, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

संस्कृतात हा विरोध ‘वक्र’ आणि ‘ऋजु’ या जोडीने व्यक्त होतो. शास्त्रव्यवहारात या जोडीला नैतिक रंग नव्हता, ही गोष्ट प्रथम लक्षात घेतली पाहिजे. सूर्यसिद्धान्ताच्या दुसऱ्या अध्यायात ग्रहांच्या गतीचे आठ प्रकार सांगितले असून त्यांपैकी पाच ‘ऋजु’ व बाकीचे ‘वक्र’ गणले आहेत. तेथे ‘वक्र’ ही केवळ वर्णनपर संज्ञा होय. मंगळ सुमारे ७८० दिवसांच्या अंतराने नक्षत्रांच्या पार्श्वभूमीवर मागे सरकताना दिसतो, त्याचे कारण त्याची स्वतःची गती उलटते हे नसून पृथ्वी त्याला मागे टाकून पुढे जाते हे आहे. वक्रता येथे पाहणाऱ्याच्या स्थितीवर अवलंबून असते. फलज्योतिषाच्या प्रभावाने पुढे ‘वक्री’ हा शब्द लोकव्यवहारात प्रतिकूलतेचा वाचक झाला आणि त्याच्यासमोर ‘ऋजु’ न राहता ‘मार्गी’ हा शब्द रूढ झाला. विरोध आता आकृतीचा राहिला नाही. मार्गावर असणे आणि मार्ग सोडणे असा तो झाला.

काव्यशास्त्रात तर वक्रतेला गौरवाचे स्थान मिळाले. दंडीने वाङ्मयाचे स्वभावोक्ती व वक्रोक्ती असे दोन भाग कल्पिले. आणि काश्मीरच्या कुंतकाने ‘वक्रोक्तिजीवित’ या ग्रंथात वक्रोक्ती हेच काव्याचे जीवित मानून वर्णविन्यासापासून प्रबंधापर्यंत वक्रतेचे सहा प्रकार वर्णिले. उलटपक्षी नीतिविचारात ऋजुतेचे माहात्म्य अबाधित राहिले. भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांत आणि सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीत ‘आर्जव’ गणले आहे. आर्जव म्हणजे ऋजूचा भाव, मनाचा सरळपणा. सारांश, एकाच जोडीचे मूल्य ज्योतिषात तटस्थ, काव्यात वक्रतेकडे झुकलेले आणि नीतीत ऋजुतेकडे झुकलेले होते.

मराठीच्या वाट्याला यांतील कोणता भाग आला? ‘वक्र’ शब्दाची प्राकृत रूपे ‘वक्क’ व ‘वंक’. त्यांच्या परंपरेत मराठीतील ‘वाक’, ‘वाकणे’ व ‘वाकडा’ हे शब्द येतात. ‘वाकणे’ नम्रतेचेही द्योतक होऊ शकते. पण ‘वाकडा’ या विशेषणाने नीतीची बाजू उचलली. वाकडे पाऊल, वाकडी नजर, वाकड्यात शिरणे या सर्व प्रयोगांत दोषारोप आहे. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ या म्हणीत मात्र जुनी तटस्थ दृष्टी डोकावते. अंगणाचा वाकडेपणा हा तेथे नाचणाऱ्याच्या उणिवेचा आरोप आहे. मंगळाच्या वक्रतेइतकाच तो पाहणाऱ्याच्या पदरचा होय.

‘ऋजु’ शब्दाची गती याहून विलक्षण आहे. पालीत ‘उजु’, प्राकृतात ‘उज्जु’ आणि जुन्या मराठीत ‘उजू’ अशी त्याची परंपरा दिसते. ‘उजवा’ हा शब्दही याच कुळातला मानला जातो. म्हणजे सरळपणाचा वाचक शब्द अखेर एका हाताला चिकटला. त्याची रिकामी जागा ‘सरळ’ या शब्दाने घेतली. ‘आर्जव’ हा तत्सम शब्द तर सर्वस्वी पालटला. आज आर्जव करणे म्हणजे विनवणी करणे, गोड बोलून मन वळविणे. निष्कपट वागणे, निष्कपट म्हणून मृदू बोलणे, आणि मृदू बोलणे म्हणून विनवणे, असा हा अर्थविकास असावा. सरळपणाचा शब्द स्वतःच वळत वळत आपल्या विरुद्ध टोकाच्या जवळ येऊन पोहोचला.

आता ‘वळण’. हा शब्द ‘वक्र’ कुळातला नव्हे. ‘वल्’ म्हणजे वळणे, या धातूपासून तो आला आहे, आणि मराठीने या धातूला घरादारातील कामे नेमून दिली आहेत. दोर वळतात, लाडू वळतात, शेवया वळतात, गुरे वळतात. या प्रत्येक प्रयोगात वळविणारा कोणी आहे, त्याच्या हाताला हेतू आहे, आणि वळल्यामुळे वस्तूला रूप येते. ‘अक्षराचे वळण’ आणि ‘घराण्याचे वळण’ हे अर्थ येथूनच निघाले असे म्हणावयास हरकत नाही. वाकडेपणा वस्तूच्या ठिकाणी आढळतो. वळण लावावे लागते. निंदा व प्रशंसा यांतील भेद आकृतीतून आलेला नसून कर्तृत्वातून आला आहे.

या अनुमानास एका अपवादाने पुष्टी मिळते. ‘खास तुमच्यासाठी वाट वाकडी करून आलो’ या वाक्यात ‘वाकडी’ हा शब्द स्नेहाचा निदर्शक होतो, कारण येथे वाट कोणी तरी जाणूनबुजून वाकडी केली आहे. शिवाय ‘वाट’ हा शब्दच ‘वर्त्मन्’पासून, म्हणजे ‘वृत्’ या धातूपासून आला असून त्या धातूचा मूळ अर्थ वळणे, फिरणे हा आहे. ‘वर्तन’ आणि ‘वृत्त’ हेही त्याच धातूचे. ‘वृत्त’ म्हणजे वर्तुळही आणि आचरणही. सह्याद्री ओलांडणाऱ्या समाजाला हे निराळे शिकवावे लागत नाही. बोरघाटातील १८३० साली खुला झालेला गाडीरस्ता असो की १८६३ साली पूर्ण झालेला लोहमार्ग असो, सरळ रेषेने तो चढ कोणत्याही चाकाला चढता आला नसता. घाटात वळण हाच मार्ग असतो.

हा विषय केवळ व्युत्पत्तीच्या कुतूहलाचा नाही. शके १२१२ मधील ज्ञानेश्वरी वाचताना ‘आर्जव’ या शब्दापाशी आजचा विद्यार्थी विनवणीचा अर्थ घेऊन थांबला, तर ज्ञानाचे एक लक्षण त्याच्या हाती याचना होऊन येईल. ‘उजू’ शब्दापाशी तो उजव्या हाताकडे वळला, तरी तेच घडेल. प्राचीन ग्रंथांचे शब्दकोश व टीपा तयार करणाऱ्यांनी म्हणून शब्दाचा केवळ आजचा अर्थ अथवा केवळ धात्वर्थ देऊन भागणार नाही. तो शब्द त्या काळी वाटेत कोठवर आला होता, हे नमूद करणे अवश्य आहे.