पाटाची वाट

मुळगावच्या केळबायच्या देवळापासून आम्ही चारपाच जण निघालो ते मुळात पाखरे पाहायला. पण डोंगरउतारावरच्या झाडीत शिरल्यावर एक गोष्ट खटकू लागली. पायवाट चढतही नव्हती आणि उतरतही नव्हती. रानवाट इतकी समतल कधी असते का? बरोबरच्या काकांनी काठीने पाचोळा सारला. खाली जांभ्या चिऱ्यांची ओळ निघाली.

"वाट न्हय ही, पाट!" काका म्हणाले.

घाटावरच्या वाचकांना कालवा म्हटले की सरकारी कालवा आठवेल. आमचा पाट म्हणजे हातभर रुंदीचा. पावसाळा सरला की गावकरी ओहोळात दगड, माती आणि फांद्या घालून बांध घालायचे. पाणी फुगून पाटाच्या तोंडाला लागले की डोंगराच्या कुशीने, अगदी थोडा उतार राखत, कुळागरात आणि वायंगणी भातात जायचे. प्रत्येकाची पाळी ठरलेली. पहिल्या पावसात बांध वाहून जायचा. तो वाहून जाण्यासाठीच घातलेला असे. पक्का बांध घातला असता तर ओहोळाचा पूर शेतात शिरला असता.

अफोंसो मेशियाने १५२६ मध्ये तिसवाडीच्या गावकऱ्यांचे रिवाज लिहून घेतले. डिचोली, म्हणजे जुना भतग्राम महाल, पोर्तुगिजांकडे गेली ती त्यानंतर अडीचशे वर्षांनी, १७८१ मध्ये. नव्या काबिजादींच्या रिवाजांची संहिता १८२४ ची. मधल्या काळात आदिलशाही, मराठे, सावंतवाडीकर भोसले असे धनी बदलत राहिले. सारा प्रत्येकाने घेतला. कार्तिकात ओहोळात उतरून दगड लावायला मात्र त्यांतला कोण येणार होता? ते काम गावाचेच होते.

मग हे तुटले कसे? सगळे खापर खाणींवर फोडणे सोपे आहे, आणि ते बरेचसे खरेही आहे. १९५० नंतर खाणी वाढल्या, टाकाऊ मातीचे ढीग पावसात ओहोळांत उतरले, शेतांत गाळ बसला. पण १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला हक्क मिळाला, तेव्हा बांधबंदिस्तीचे काम गावकरीच्या हातून सुटले आणि दुसऱ्या कुणाच्या हाती नीट लागले नाही, हेही मान्य करायला हवे. कायदा न्यायाचाच होता. पाण्याची पाळी मात्र कोणी जमिनीच्या उताऱ्यावर लिहीत नाही.

१९९० मध्ये गोवा आणि महाराष्ट्राचा तिळारीचा करार झाला, मोठे कालवे आले. २०१८ मध्ये न्यायालयाच्या निकालाने खाणी थांबल्या. डिसेंबर २०२२ मध्ये डिचोलीच्या ज्या खनिज पट्ट्याचा लिलाव झाला त्यात मुळगावचाही भाग आहे, आणि २०२४ मध्ये तिथे खोदकाम पुन्हा सुरू झाले.

आमचा पाट पुढे एका तांबड्या मातीच्या घसरणीत नाहीसा झाला. काका तिथेच थांबले. खाली शेताच्या एका मेरेकडे त्यांनी काठी रोखली.

"तिथपर्यंत आमची पाळी. तिसऱ्या दिवशी, रातची. बापूस कंदील घेऊन बसायचा, आणि मी झोपायचो."