‘किंवा’चं चिन्ह

बारावीच्या गणितात तर्कशास्त्राच्या प्रकरणात ∨ हे चिन्ह भेटतं. ते ‘किंवा’ असं वाचायचं. पुढे सत्यतासारणी येते आणि तिथे मुलं अडतात. दोन्ही विधानं खरी असली, तरी ∨ ने जोडलेलं विधान खरंच कसं? ‘किंवा’ म्हणजे दोहोंपैकी एकच ना?

शंका रास्त आहे. गणिती तर्कशास्त्राचा पाया घालणाऱ्या खुद्द जॉर्ज बूलनेही १८५४च्या आपल्या ग्रंथात ‘किंवा’साठी बेरजेचं चिन्ह वापरताना दोन्ही वर्गांत सामाईक काही नसावं, अशी अट घातली होती. तर्कशास्त्रज्ञ जेव्हन्सने ती अट पुढे काढून टाकली.

चिन्हाचं मूळ लॅटिनमध्ये आहे. तिथे ‘औट’ म्हणजे हे नाहीतर ते. ‘वेल’ मात्र ‘इच्छिणे’ या क्रियापदातून आलेला, म्हणजे हवं ते घे. दोन्ही घ्यायला मनाई नाही. ∨ हे या ‘वेल’चं आद्याक्षर. व्हाइटहेड आणि रसेल यांच्या ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’ने (पहिला खंड १९१०) ते रुळवलं.

लॅटिनमध्ये याच अर्थाचा, शब्दाच्या शेवटी चिकटणारा ‘-वे’ही आहे, आणि आपला ‘वा’ त्याचा सख्खा भाऊ. ‘किम्’ला ‘वा’ जोडून ‘किंवा’ झाला. पाणिनीने विकल्प सांगताना ‘वा’, ‘विभाषा’ आणि ‘अन्यतरस्याम्’ असे वेगवेगळे शब्द योजले. परंपरेने ते समानार्थी मानले. भाषाशास्त्रज्ञ पॉल किपार्स्की यांनी १९७९मध्ये वेगळं मांडलं: ‘वा’ म्हणजे हा विकल्प शक्यतो घ्यावा, ‘विभाषा’ म्हणजे शक्यतो टाळावा, ‘अन्यतरस्याम्’ म्हणजे दोन्ही सारखेच. हे सर्वांनी मान्य केलेलं नाही. पण एकही अक्षर वाया न घालवणारा पाणिनी तीन शब्द उगाच वापरेल, हे मला पटत नाही.

मराठीतही असा भेद रोजच्या बोलण्यात आहे. ‘चहा घेणार की कॉफी?’ याला ‘हो’ हे उत्तर चालत नाही. एकाचं नाव घ्यावं लागतं. ‘चहा किंवा कॉफी घेणार का?’ याला ‘हो’ चालतं, आणि दोन्ही घेणाऱ्याचंही उत्तर ‘हो’च. ∨ हा या दुसऱ्या वाक्यातला ‘किंवा’ आहे. नेमकं एकच खरं हवं असेल, तर त्यासाठी ⊕ हे वेगळं चिन्ह आहे. जिन्याच्या वर-खाली दोन बटणं असलेला दिवा याच नियमाने लागतो: एक बटण दाबलं तर पेटतो, दोन्ही दाबली तर विझलेलाच राहतो.

शिक्षकांना विनंती एवढीच, की सारणी फळ्यावर मांडण्याआधी चहा-कॉफीचे हे दोन प्रश्न मुलांना विचारून पाहावेत.