निवासी शुश्रूषा-केंद्रांतील कार्यताण : जपान

वृद्ध व परावलंबी व्यक्तींच्या निवासी संस्थांमध्ये जेवण भरवणे, अंघोळ घालणे, शौचास नेणे, कूस बदलणे, रात्रीची देखरेख इत्यादी कामे करणाऱ्या कर्मचाऱ्यांवर कामाचे प्रमाण, अपुरा वेळ व जबाबदारी यांमुळे पडणारा शारीरिक आणि मानसिक भार म्हणजे कार्यताण. जपानमध्ये अशा शुश्रूषेस ‘काइगो’ म्हणतात. १९८७ च्या कायद्याने ‘काइगो फुकुशिशी’ म्हणजे प्रमाणित शुश्रूषासेवक ही राष्ट्रीय पात्रता निर्माण झाली आणि एप्रिल २००० मध्ये दीर्घकालीन शुश्रूषा विमा लागू झाल्यावर, पूर्वी मुख्यतः घरातील सुना-लेकींवर पडणारे हे काम पगारी व्यवसाय म्हणून विस्तारले.

या ताणाचे मूळ बव्हंशी मनुष्यबळाच्या गणितात आहे. ‘तोकुयो’ या विशेष शुश्रूषा-निवासांत ३ निवाशांमागे किमान १ शुश्रूषा वा परिचर्या कर्मचारी असावा, असा नियम आहे; मात्र ही गणना पूर्णवेळ नोकरीच्या एककात होत असल्याने ती प्रत्यक्ष हजेरी दर्शवत नाही. ६० निवाशांसाठी असे २० कर्मचारी धरले, तर आठवड्याच्या ४० तासांप्रमाणे मिळणारे ८०० तास १६८ तासांवर विभागता एका वेळी सरासरी ५ हून कमी माणसे कामावर राहतात, आणि रजा, नोंदी व बैठका वजा जाता ही संख्या आणखी घटते. ६० निवाशांच्या पारंपरिक रचनेच्या निवासात रात्री किमान २ कर्मचारी पुरेसे मानले जातात. अनेक ठिकाणी रात्रीची पाळी सुमारे १६ तासांची असते. एप्रिल २०१५ पासून तोकुयोमधील नवा प्रवेश साधारणपणे शुश्रूषा-गरजेच्या ५ पैकी तिसऱ्या वा वरच्या श्रेणीतील व्यक्तींपुरता मर्यादित झाल्याने प्रत्येक निवाशामागचे कामही वाढले.

उचलण्या-वाकण्याच्या कामातून कंबरदुखी जडते, तर स्मृतिभ्रंश झालेल्या निवाशाच्या संतापापुढेही सौम्य राहावे लागल्याने ‘भावनिक श्रम’ म्हणजे नोकरीचा भाग म्हणून स्वतःच्या भावना आवरण्याचे काम करावे लागते. ही संकल्पना समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये मांडली. दीर्घकाळ न आवरलेल्या ताणातून शक्तिपात, कामाविषयी अलिप्तता वा कडवटपणा आणि कार्यक्षमतेतील घट ही लक्षणे उद्भवतात. जागतिक आरोग्य संघटना या अवस्थेस आजार न मानता व्यवसायाशी निगडित घटना मानते. सेवेचे दर शासन ठरवते व साधारणतः दर ३ वर्षांनी सुधारते, त्यामुळे संस्थेला स्वतःहून दर वाढवून पगार देता येत नाहीत. कमी वेतनामुळे माणसे सोडून जातात आणि त्यांचे काम उरलेल्यांवर पडते.

उपायांपैकी २०१३ च्या सुधारित कंबरदुखी-प्रतिबंधक मार्गदर्शक सूचनांनी माणसाला हातांनी उचलणे तत्त्वतः टाळून उचलयंत्रे व सरकफळ्या वापरण्यास सांगितले, तर डिसेंबर २०१५ पासून ५० वा अधिक कामगारांच्या आस्थापनांत वार्षिक ताणतपासणी अनिवार्य झाली. परदेशी मनुष्यबळ घेण्यास २००८ मध्ये इंडोनेशियापासून सुरुवात झाली. भारताशी जानेवारी २०२१ मध्ये झालेल्या ‘विशिष्ट कुशल कामगार’विषयक करारातही शुश्रूषेचा समावेश आहे. अशा कर्मचाऱ्यांना जपानीतील नोंदी व पाळीबदलाच्या वेळचे निरोप हा निराळा भार असतो. यंत्रे श्रम हलके करतात आणि तपासणी ताण लवकर दाखवते. परंतु पाळीवरील माणसांची संख्या या दोहोंनी वाढत नाही.