बहुरूपी रोग आणि ध्वनीची पारख

सारकॉइडोसिस हा रोग एका अवयवाचा नव्हे. त्वचा, फुप्फुसें, डोळे, हृदय, मज्जासंस्था यांपैकीं कोठेंही तो प्रकट होतो आणि प्रत्येक ठिकाणीं दुसऱ्याच एखाद्या रोगाचें सोंग घेतो. पुरुषाच्या जननेंद्रियांत त्याचें सोंग विशेष घातक ठरतें. कारण तेथें तो कर्करोगासारखा भासतो.

या रोगाचें पहिलें वर्णन लंडनचे शल्यवैद्य जोनाथन हचिन्सन यांनीं १८७७ सालीं प्रसिद्ध केलें. कोळशाच्या धक्क्यावरील एका कामकऱ्याच्या हातापायांवर जांभळट चट्टे उठले होते. पुढें १८९९ सालीं नॉर्वेच्या सेझार बोएक यांनीं अशाच गांठींचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला. त्या मांसार्बुदासारख्या, परंतु सौम्य वाटल्यामुळें त्यांनीं त्यांस ‘सारकॉइड’, म्हणजे मांसार्बुदसदृश, असें नांव दिलें. अर्बुदाशीं होणारी गल्लत अशी नांवांतच वसली आहे. १९१४ सालीं स्वीडनच्या यॉर्गन शाउमान यांनीं त्वचा, ग्रंथी व फुप्फुसें यांतील विकार हीं एकाच सर्वांगीण रोगाचीं रूपें होत, असें प्रतिपादन केलें. या रोगांत पेशींचे घट्ट पुंजके बनतात. क्षयाच्या गांठींशीं त्यांचें साम्य फार. पण क्षयाच्या गांठीचा गाभा कुजून चक्क्यासारखा होतो, तसा यांचा बहुधा होत नाहीं. रोगाचें मूळ कारण अद्याप निश्चित झालेलें नाहीं.

सारकॉइडोसिस असलेल्या पुरुषांच्या शवविच्छेदनांत जननमार्गांत असे पुंजके शेंकडा सुमारें ५ जणांत आढळले. हयातींत मात्र हें प्रमाण शेंकडा एकाहूनही बरेंच कमी. बहुतेक वेळां अधिवृषण सुजतो, कांहीं वेळां वृषणांतच गांठी होतात. रोगी बहुधा तरुण असतो, आणि वृषणाच्या कर्करोगाचें वयही तेंच. बोटांना कठीण, न दुखणारी गांठ लागली म्हणजे पूर्वीच्या शल्यवैद्यापुढें एकच मार्ग उरे : वृषण काढून टाकणें. नंतर सूक्ष्मदर्शक सांगे कीं, कर्करोग नव्हताच. तोंवर अवयव गेलेला असे. आणि दोन्ही बाजूंस गांठी असल्यास संततीची आशाही पणास लागे.

या कोड्यांत साहाय्य आलें तें भौतिकशास्त्राकडून. कांहीं स्फटिक दाबले असतां त्यांत वीज उत्पन्न होते, हें क्यूरी बंधूंनीं १८८० सालीं दाखविलें. उलट, वीज दिल्यास स्फटिक कंप पावतो. पहिल्या महायुद्धांत पॉल लांजव्हँ यांनीं याच गुणाचा उपयोग करून पाणबुडीवरून परतणारा प्रतिध्वनि टिपला. नंतर कारखान्यांत धातूमधील चिरा शोधण्यास हीच युक्ति उपयोगीं पडली. ग्लासगोचे प्रसूतिशास्त्रज्ञ इयन डोनल्ड हे १९५५ सालीं शस्त्रक्रियेनें काढलेल्या गांठी मोटारींत घालून रेनफ्रू येथील बॉयलरच्या कारखान्यांत गेले आणि तेथील यंत्रावर त्यांनीं त्या तपासल्या. भरीव गांठ व पाण्याची गांठ यांचे प्रतिध्वनि निराळे निघाले. १९५८ सालीं त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झाला. वृषणांचें ध्वनिचित्रण १९७० नंतरच्या दशकांत सुरू झालें.

वृषण त्वचेच्या अगदीं जवळ असल्यामुळें तेथें सेकंदास ७० लक्षांहून अधिक कंपनांचा सूक्ष्म ध्वनि वापरतां येतो. निरोगी वृषण पडद्यावर एकसारखा करडा दिसतो. सारकॉइडच्या गांठी त्यांत काळसर ठिपक्यांसारख्या उमटतात. पुष्कळदां त्या लहान, अनेक आणि दोन्ही बाजूंस असतात. अधिवृषण जाड व विषम दिसतो. कर्करोगाची गांठ बहुधा एकटी व एका बाजूस असते. क्ष-किरणांचा संसर्ग नसल्यामुळें ही तपासणी वारंवार करतां येते, व औषधानें गांठ ओसरते कीं नाहीं हेंही पाहतां येतें.

तथापि, चित्र हा निकाल नव्हे; तो केवळ साक्षीदार आहे. रक्ताच्या कर्करोगांतही दोन्ही बाजूंस काळसर गांठी दिसूं शकतात. शिवाय सारकॉइडोसिसच्या रोग्यास वृषणाचा कर्करोग होणारच नाहीं, असेंही नाहीं. म्हणून रक्तांतील अर्बुदसूचक द्रव्यें, छातीचें क्ष-किरणचित्र आणि प्रसंगीं गांठीचा तुकडा यांची जोड घ्यावी लागते. भारतांत तर क्षयाचा विचार आधीं करावा लागतो. कारण सारकॉइडोसिसला गुण देणारें स्टेरॉइड क्षय न ओळखतां दिल्यास तो बळावतो.

बोएकनें दिलेल्या नांवांतील गल्लत अशा रीतीनें एका साधनानें नव्हे, तर अनेक साक्षी जुळवून दूर होते. ध्वनिचित्राचें श्रेय इतकेंच कीं, शस्त्र चालविण्यापूर्वीं थांबून विचार करण्यास त्यानें वैद्याला अवसर दिला. परंतु तो अवसर मिळावा म्हणून रोग्यानें संकोच सोडून गांठ वेळींच दाखविली पाहिजे. लज्जेपोटीं लपविलेल्या गांठीपुढें कोणताही ध्वनि मुकाच राहतो.