ताऱ्यांची टिकाऊ तबकडी

गिरणीतली आमची दुसरी पाळी मध्यरात्री सुटे. जानेवारीच्या दिवसांत घरी परतताना दक्षिणेकडे एक ठळक तारा दिसे. त्याचे नाव कळावे म्हणून मी जुन्या पुस्तकांच्या गाडीवरून ताऱ्यांची पुठ्ठ्याची फिरती तबकडी घेतली. तारीख आणि वेळ एकमेकांसमोर आणली की, त्या वेळचे आकाश तिच्या खिडकीत दिसते. माझा तारा मात्र तिच्यावर कोठेच नव्हता. पुढे उलगडा झाला. तारा अगस्ती होता आणि तबकडी लंडनच्या आकाशाची होती! अगस्ती मुंबईत क्षितिजावर सुमारे १८ अंश चढतो. लंडनला तो कधी उगवतच नाही. पहिल्याच पावसाळ्यात पुठ्ठा फुगला व तबकडी निकामी झाली. तेव्हापासून प्रश्न मनात राहिला : टिकाऊ तबकडी म्हणायची कोणती?

प्रश्न आजचा नव्हे. ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग येथे रोमन काळातील कांशाच्या तबकडीचा एक तुकडा सापडला आहे. ती पाण्याच्या घड्याळाला जोडून फिरवीत. तिच्यावर तारकामंडळांची चित्रे आहेत आणि सूर्याची खूण पुढे सरकवण्यासाठी कडेला भोके पाडलेली आहेत. आपल्याकडे फिरोजशहा तुघलकाच्या आश्रयाने महेंद्रसूरी या जैन पंडिताने १३७० साली ‘यंत्रराज’ हा ग्रंथ लिहिला. पितळी तारायंत्रावरचा संस्कृतातील तो पहिला ग्रंथ. पुढे मोगल काळात लाहोरच्या एका कारागीर घराण्याने चार पिढ्या अशी यंत्रे घडवली. त्यांची खुबी पाहा. यंत्राच्या पोटात अनेक पत्रे असत आणि प्रत्येक पत्रा निरनिराळ्या अक्षांशांसाठी कोरलेला असे. गाव बदलले की पत्रा बदलायचा. आकाश गावागणिक वेगळे दिसते, हे त्या कारागिरांनी धातूतच बसवून ठेवले होते.

मग पितळच घ्यावे काय? पितळ टिकते, पण आकाश थांबत नाही. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे ताऱ्यांची स्थाने ७२ वर्षांत सुमारे एक अंशाने सरकतात. १३७० साली बरोबर असलेले यंत्र आज सुमारे नऊ अंशांनी चुकेल. शिवाय पितळ राजदरबारी राहिले. कामकऱ्याच्या हाती तबकडी आली ती छापखान्यामुळे. छापील तबकडी स्वस्त झाली खरी, परंतु पोटातले पत्रे गेले आणि तिला एकच अक्षांश उरला.

अक्षांशाबरोबर वेळही पाहावी लागते. तबकडी स्थानिक वेळ मानते, आपण भारतीय प्रमाणवेळ पाळतो. मुंबईची स्थानिक वेळ तिच्याहून ३९ मिनिटांनी मागे आहे. ही मिनिटे किरकोळ समजू नका. १९०६ च्या जानेवारीत प्रमाणवेळ लागू झाली, तेव्हा मुंबईच्या हजारो गिरणीकामगारांनी तिच्याविरुद्ध काम बंद केले आणि गिरण्यांवर दगडफेक झाली. वेळ कोणाची, हा प्रश्न त्यांना भाकरीइतका खरा होता. सूर्य जागच्या जागी आणि भोंगा मात्र आधी! सूर्याशी जुळलेली ती जुनी मुंबईची वेळ ताऱ्यांची तबकडी आजही मागते.

म्हणून तबकडी घेताना आधी अक्षांश विचारा. महाराष्ट्रासाठी २० अंशांच्या जवळची हवी. मग वस्तू पाहा. पुठ्ठा दवाने फुगतो, म्हणून प्लॅस्टिकची घ्यावी. मधली खीळ रुंद हवी; ती सैल झाली की सारे आकाश हलते. अक्षरे वरून चिकटवलेली नसावीत. उन्हात ठेवू नये, वाकते.

घेतल्यावर परीक्षाही सोपी आहे. एक मे रोजी, आमच्या कामगार दिनी, सभा आटोपल्यावर रात्री नऊला बाहेर या. घड्याळातून ३९ मिनिटे वजा करून तबकडी जुळवा. उत्तरेला सप्तर्षी, पूर्वेला स्वाती, आग्नेयेला चित्रा दिसली पाहिजे. तबकडीवर आणि डोक्यावर एकच आकाश असले, तर ती तबकडी तुमची. जी आपल्या गावाचे आकाश दाखवत नाही, ती पितळेची असली तरी मला टिकाऊ वाटत नाही.