‘परम’ची उरलेली निम्मी गोष्ट

लखनौच्या जानकीपुरममधून बोलतोय, पण आजची गोष्ट सुरू होते पुण्यात.

‘परम’ महासंगणकाबद्दल आपण अभिमानाने सांगतो. १९८० च्या दशकात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेला हवा असलेला क्रे महासंगणक अमेरिकेने दिला नाही. हवामानाच्या कामापुरतं त्याहून लहान यंत्र दिलं. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला.

एवढ्यावर थांबलो, तर गोष्ट निम्मीच राहते. त्यातले ट्रान्सप्यूटर ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे होते. एकेकट्याची ताकद बेताची. खरी कमाल एकच काम अनेकांत वाटण्यात होती. ही वाटणी सॉफ्टवेअरने करायची असते. त्यासाठी सी-डॅकने ‘पारस’ ही प्रणाली तयार केली.

पुढच्या ‘परम ८६००’ मध्ये इंटेलची आय ८६० चिप आली. आकडेमोड तिने करायची, निरोपांची ने-आण ट्रान्सप्यूटरने. दोन वेगळ्या जातींच्या चिप्स एकत्र, म्हणजे आजच्या भाषेत संकरित महासंगणक. २०१३ च्या ‘परम युवा २’ मध्ये झिऑनच्या जोडीला झिऑन फाय होते आणि कमाल वेग ५२४ टेराफ्लॉप्स होता. आता अशा जोडीदाराचं काम बहुतेक ठिकाणी जीपीयू करतो.

आम्हा फौजी लोकांना यातली अडचण लगेच कळते. रणगाडे पुढे गेले आणि इंधनाच्या गाड्या मागे राहिल्या, तर रणगाडे जागीच उभे राहतात. आकडे वेळेवर पोचले नाहीत, तर जीपीयूचंही तेच होतं. शिवाय अ‍ॅमडालचा नियम आहेच: कामाचा ५ टक्के भाग वाटता येत नसेल, तर हजारो प्रोसेसर लावूनही वेग २० पटींपलीकडे जात नाही.

याचा माणसांशी काय संबंध? आमच्या जानकीपुरम विस्तारात केंद्रीय औषध संशोधन संस्था आहे. औषधाचा रेणू प्रथिनाला कसा चिकटतो, हे संगणकावर पाहायचं तर प्रत्येक अणूची हालचाल मोजावी लागते. एकेक पाऊल साधारण २ फेम्टोसेकंदांचं. एका मायक्रोसेकंदासाठी अशी ५० कोटी पावलं, तीही एकामागून एक. अणू वाटून देता येतात, काळ वाटता येत नाही. म्हणून प्रत्येक पाऊल लवकर संपवणारं सॉफ्टवेअर लिहावं लागतं.

२०१५ मध्ये ४,५०० कोटी रुपयांचं राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन मंजूर झालं. २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकात्यात ‘परम रुद्र’ आले. आनंदच आहे. पण यंत्र काही वर्षांत जुनं होतं. काम वाटायची विद्या माणसांकडे राहते. पुढच्या उद्घाटनाची बातमी वाचाल तेव्हा पेटाफ्लॉप्सबरोबर हेही विचारा: यावर चालणारं सॉफ्टवेअर कोण लिहितंय, आणि ते लिहिणाऱ्या मुलामुलींना आपण टिकवून ठेवतोय का?